भाद्रपद मास

मुंढव्याच्या लॉनवर, जिथे एरवी
दोन्हीकडच्या मंडळींवर गुलाबपाणी शिंपडतात,
तिथे निळ्या-पांढऱ्या चौकटींचं कापड बांधलं होतं.
गेटवरच्या पोराने मनगटावर कागदी पट्टी चिकटवली
आणि ‘या काकू’ म्हणाला
चौघांनाही, बर्जिससकट.

तीस वर्षांपूर्वी एका बाकावर बसून
आम्ही डेर, डी, डास घोकलं.
यशोधनला श्टुटगार्टला जायचं होतं,
तो चाकणला गेला.
बर्जिसने वडलांची बेकरी चालवली, मग विकली.
मी त्यांची यंत्रं मराठीत आणते:
‘झाकण उघडण्यापूर्वी बटण बंद करावे.’
‘फिरत्या भागात हात घालू नये.’
कुणाची तरी बोटं शाबूत असतील
असं धरून चालते.
जर्मनीला आमच्यातलं कुणीच गेलं नाही.

पहिला मग आला. लिटरभर. उचलायला दोन हात.
‘या मापाला मास म्हणतात,’ मी उगाच शिकवलं.
‘कुठला? भाद्रपद?’ नलू म्हणाली,
आणि सगळ्यांनाच एकदम आठवलं
की पक्ष चालू आहे.
नलूने घरी सांगितलं होतं, बारशाला जाते.
पक्षात कोण बारसं करतं,
हे तिच्या सासूला
बहुधा आत्ता सुचत असेल.

बिअर त्यांच्याकडे नपुंसकलिंगी.
आपल्याकडे ती.
‘म्हणून तर भानगडी होतात,’ यशोधन म्हणाला.
हाच विनोद त्याने ब्याण्णव साली केला होता.
तेव्हा हसलो होतो.
आताही हसलो, जरा थांबून.

बशीत एक कडबोळं आलं, ताटाएवढं,
वर खडेमीठ.
बर्जिसने ते बेकरीवाल्याच्या बोटांनी मोडलं,
आतून दाबून पाहिलं
आणि काही न बोलता पुढे सरकवलं.
गाडी तो चालवणार, म्हणून लिंबूसोड्यावर.

आणि बँड उठला.
चामड्याच्या चड्ड्या, गुडघ्यापर्यंत मोजे,
टोपीत पीस, कोंबडीचं असावं.
नलू एकदम गप्प.
‘तो मोठ्या भोंग्याचा माणूस,’ ती म्हणाली,
‘माझ्या वरातीत होता.
अवघडे मास्तर. केस होते तेव्हा.’
त्या वरातीतला नवरा आता दोन वर्षं
नाशिकला असतो, वेगळा.
सासू मात्र नलूकडेच राहिली.

पोल्का चांगला चालला होता,
फक्त ढोलावरचा पोरगा
दर थोड्या वेळाने निसटायचा
आणि थेट लक्ष्मी रोडला जायचा.
बाकांवर चढलेली कंपनीतली मुलं
नेमकी तिथेच नाचायची.

दहाला आवाज बंद झाला.
मी बाथरूम शोधत चुकले, तंबूच्या मागे आले.
जनरेटरशेजारी बाकावर मास्तर,
मांडीवर डबा, भोंगा गवतात आडवा.
‘पक्षात लग्नं नाहीत ना बाई,
म्हणून ही सुपारी घेतली.’
समोर भरलेला मग, कुणीतरी आणून दिलेला.
‘आज बाबांची तिथ आहे. घेत नाही.
पण परत कसा करायचा?’
फेस कधीच बसला होता.

मग छातीवरच्या पट्ट्याकडे बोट दाखवून:
‘तुम्हाला येतं का वाचता? दोन दिवस घालतोय,
म्हटलं शिवी-बिवी नको.’
लाल दोऱ्याने भरलेलं एकच अक्षरांचं रांगोळं,
त्यात एक ‘एल’ कमी.
शब्दकोशात त्याला ‘स्वागत’ आहे.
मी लग्नाच्या त्या लॉनकडे पाहिलं,
त्याच्या उघड्या, थंडी लागलेल्या गुडघ्यांकडे,
आणि म्हणाले, ‘लिहिलंय, या, बसा.’

तो लगेच सरकला.
बाकावर हाताने जागा पुसली.
डब्यात घोसाळ्याची भजी होती,
गार झालेली,
आणि झाकणात आमसुलाची चटणी.