रिकामा चमचा

उंदराचा श्वास ऐकायचा तर
त्याला टेलिफोनसारखा कानाशी धरावा लागतो.
हे डॉक्टर शुस्तकोव्हाने दाखवलं.
अख्ख्या ओस्त्रावात उंदरांकडे नीट बघणारी ती एकटी,
आणि मी ट्राम चालवणारी, तरी दोन ट्राम बदलून जाते तिच्याकडे.
निरोगी उंदीर ऐकू येत नाही, लाइन मुकी असते.
क्मीनला कानाशी धरलं
की पलीकडे कोणीतरी ओली वाळू चाळतंय.

क्मीन म्हणजे शहाजिरं.
त्याचा भाऊ माक, म्हणजे खसखस.
नावं राडिमने ठेवली. उंदीरही त्याचेच.
तो ब्रनोला शिकायला गेला, पिंजरा इथेच राहिला,
जशी त्याची स्केटिंगची बुटं राहिली.

पहिल्या दिवशी मी किंचाळले होते:
नाकपुड्यांशी रक्त, डोळ्यांच्या कडांना रक्त.
रक्त नाही ते, डॉक्टर म्हणाली,
यांच्या डोळ्यांतलं पाणीच लाल.
एरवी हे तोंड धुतात दिवसातून वीसदा.
आजारी पडले की धुवायचं सोडतात,
म्हणून दिसतं, एवढंच.

हा आजार लहानपणापासूनच यांच्या छातीत असतो, निजलेला.
थंडी, धूळ, मुताचा उग्र दर्प,
कशानेही जागा होतो.
जात नाही. सांभाळायचा.
हे वाक्य मी आधी ऐकलं होतं,
दुसऱ्या दवाखान्यात, दुसऱ्या छातीबद्दल.

घरी येऊन लाकडाचा भुसा फेकून दिला.
बोहुमीरचे फ्लॅनेलचे शर्ट काढले,
खाणीत उतरताना आत घालायचा ते.
चार वर्षं त्या खणाला हात लावला नव्हता.
कात्री मात्र सरसर चालली,
आधी बाह्या, कॉलर शेवटी.

वाफेचं यंत्रही त्याचंच.
मास्क बाजूला ठेवला, उंदराला तो काय करायचा.
मुरंब्याच्या प्लास्टिकच्या डब्याला भोक पाडलं, नळी घातली.
दहा मिनिटं सकाळी, दहा रात्री.
त्या एवढ्याशा धुक्यात क्मीन बसतो
पुढचे दोन पंजे भिंतीला टेकून,
कुशी भात्यासारख्या वरखाली.
दम धर, मी म्हणते.
बोहुमीरलाही हेच म्हणायचे.
तोच तर धरवत नाही, म्हणायचा,
आणि हसायला जाऊन खोकायचा.

खालचे येश्का तळघरात विष ठेवतात.
‘एका उंदरावर बाराशे कोरुना?
तेवढ्यात मी शंभर मारून देतो.’
मी कॉफी ठेवली पुढे.
क्मीन त्यांच्या बाहीवरून खांद्यावर गेला,
दात कुरकुर वाजवत, खूष असला की वाजवतो तसे.
येश्का बोलायचे थांबले. मान हलवेनात.
मग हळूच कान त्याच्याकडे नेला.
शिट्टी ऐकू येत होती खोलीत.
तीस वर्षं कोळशात काढलेली त्यांची छाती की याची,
मला काही सांगता येईना.

औषध कडू. आलूबुखाराच्या मुरंब्यात कालवलं
तरी क्मीन वास घेतो, तोंड फिरवतो.
म्हणून युक्ती:
आधी माकला चमचा द्यायचा, रिकामा,
मुरंब्याचा नुसता वास लागलेला.
माक तो दोन्ही हातांनी धरून असा चाटतो
की क्मीनच्याने बघवत नाही.
झडप घालून खातो, औषधासकट.
हेव्यानेच बरा होतोय म्हणायचा.

माझी पहिली ट्राम चार चाळीसची. गजर तीनला.
रेडिओ सांगतो, आजही हवा वाईट,
खिडक्या उघडू नका, लहान मुलांना बाहेर नेऊ नका.
दोघे एका बाहीत झोपलेले, माक वर, क्मीन खाली,
आणि वरचा खालच्याच्या श्वासाने हलतोय,
होडीत बसल्यासारखा.

काल माक शिंकला.
एकदाच.
मी नळ बंद केला, रेडिओ बंद केला,
हात ओलेच, तशीच उभी राहिले.
दुसरी शिंक आली नाही.
मग त्याला उचलून कानाशी धरला.
बराच वेळ धरला.
ट्राम चुकवून चालणार नव्हतं मला,
तरीही.