ब्रेडचा डबा

गुरुवारी साडेदहाला लॉरेन कोकली येते
काखेत ब्रेडचा डबा घेऊन. पत्र्याचा, झाकणावर कोंबडा.
"सगळं यातच ठेवते मी, डक," म्हणते.
स्टोकमध्ये सगळ्यांनाच डक म्हणतात,
बस ड्रायव्हरला, नर्सला, वसुलीवाल्यालासुद्धा.
अकरा वर्षांत मी सरावलेय बदक असण्याला.

डब्यात एकतीस लिफाफे. न उघडलेले.
तळाशी थोडा चुरा.

मी कात्रीनं उघडते एकेक,
अंगठ्यानं फाडलेलं तिला ऐकवत नाही.
पाणी. काउन्सिल टॅक्स. कॅटलॉगवरून घेतलेला फ्रीज.
फ्रीजचा हप्ता कार्डावर,
त्या कार्डाचा दुसऱ्या कार्डावर,
दुसऱ्याचा नणंदेकडून.
याची टोपी त्याला करता करता
आता नणंदच बोडकी.

तिनं काही उधळलेलं नाही.
मी शोधलं, खोटं कशाला बोलू,
शोधणं माझं कामच आहे.
सहल नाही, सोनं नाही, बाटली नाही.
आहे तो भिंतीवरचा मीटर,
आधी पैसे, मग दिवा.
रोज तिच्या आधी उठतो
आणि जुन्या थकबाकीतलं आपलं काढून घेतो.
दिवा न लावल्याचेही घेतो.

थकबाकी.
हा शब्द तिला सांगावासा वाटला, जमलं नाही.
त्यांच्या भाषेत माणूस नुसता मागे पडतो.
आपल्यात आधी थकतो, मग बाकी राहतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत,
नोकरीच्या पहिल्या महिन्यात
मी हे लोकांना इंग्रजी करून सांगायचे.
आता नाही सांगत.
लॉरेन पाय पोटाशी घेऊनच निजते,
आटतंय ते अंथरूण.

मग फॉर्म. आवक, जावक.
वाणसामानापुढे ती सांगते तो आकडा घातला
तर चौकट लाल होते:
इतक्या कमीत भागत नाही, कारण लिहा.
मी लिहिते, दुपारी जेवत नाही.
चौकट हिरवी होते.

सगळं कापून झाल्यावर
खाली उरतात उणे अडतीस पौंड.
दर महिन्याला.

मी चहा करते.
तो संपवून ती कप पालथा करते, बुडाचा शिक्का वाचते.
"आमचाच."
बावीस वर्षं ओढत होती ती
कपांच्या काठावर सोनेरी रेघ;
चाक फिरायचं, हात हलायचा नाही.
भट्टीचा गॅस परवडेना, मालकांनी भट्टी विझवली.
त्याच ऑक्टोबरात तिनंही घरातला.
"हे बघ," नखानं दाखवते, "इथे जाड झालीय.
दुसऱ्या प्रतीचा माल. स्वस्तात जायचा."
हात कुणाचा, ते सांगत नाही.

लिफाफे मी ठेवून घेते.
रिकामा डबा तिला जड झाल्यासारखा वाटतो,
दोन्ही हातांनी धरते.
"खालचं वाचनालय पाचपर्यंत ना?"
पुस्तक हवंय का, विचारते मी.
"रेडिएटरजवळची खुर्ची."

जिन्यात थांबते.
"पुस्तकही घेईन एखादं, डक.
परत केलं की संपतं ते."