तिसरं प्रूफ

शब्दांची मला भीती वाटत नाही.
‘पाणि’ छापलं तरी तहानेला कळतं,
वेलांटी चुकली म्हणून कोणी पानावरून उपाशी उठत नाही.
अठ्ठावीस वर्षं नारायण पेठेत हेच करते आहे:
काना, मात्रा, रफार, लाल पेन,
चार वाजता अमृततुल्यातला अर्धा चहा.

उकिडवे सरांच्या पुस्तकात मात्र, पान एक्क्याण्णववर,
मधोमध ही एकच ओळ

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

आणि खाली: ‘ही मूळ संख्या आहे.’
कुठे स्वल्पविराम नाही, संदर्भाचा आधार नाही.
चुकलं तर कशावरून कळणार?

सर टेबलाच्या कडेवर बोटाने लिहीत गेले:
दोनाला दोनदा गुणायला घ्या, एक वजा, तीन.
तीनदा घ्या, एक वजा, सात.
सात वेळा, एकशे सत्तावीस.
एकशे सत्तावीस वेळा, ही.
‘आणि हिच्यानंतरची?’
‘ती मूळ आहे की नाही, कोणालाच माहीत नाही,’
असं म्हणाले, जणू शेजारचं बिऱ्हाड अजून आलं नाहीये.

मी दुधाच्या हिशेबाच्या सवयीने
दुसऱ्या प्रुफातल्या आकड्यांची बेरीज केली.
एकशे बासष्ट.
एक, सहा, दोन. नऊ.
म्हणजे जी कोणाला आत घेत नाही म्हणतात
तिच्यातून तीन आरपार गेला होता,
तोही दोनदा.

सापडला. सातव्या जागी
एकाचा नऊ झाला होता.
रुक्साना तांबोळी म्हणाली, ‘ताई, मी काय करू,
सर एक असाच काढतात, शेपूट पिळून.’
एवढ्या पिळाने
दुसरीच कोणी संख्या येऊन बसली होती
हिचं नाव लावून.

आता बेरीज एकशे चोपन्न. बरोबर.
पण शेजारच्या दोघांनी जागा बदलल्या
तर बेरीज तोंड उघडत नाही.
म्हणून गुरुवारी, वीज नसताना,
प्रूफ खिडकीशी नेलं.
रुक्साना वाचत होती, मी बोट ठेवत होते.
एक सात शून्य एक
‘सात एक पाच आठ’पर्यंत आलो
आणि खाली भंगारवाला ओरडला.
पुन्हा पहिल्यापासून.
मग उलट, शेवटून.
दीडशे वर्षांपूर्वी कोणी तरी हे
नुसत्या कागदावर सिद्ध केलं म्हणे.
त्याच्या खिडकीखाली कोण ओरडत असेल?

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर ‘उकीडवे’.
की दीर्घ. माझ्याच नजरेखालून गेलेली.
मला खुर्चीत बसवेना.
सरांनी चष्मा वर केला, पाहिलं,
‘असू दे. लांबलो तरी मीच आहे.
मला कोण भागून बघतंय!’

मग पान एक्क्याण्णव उघडलं.
तेरा सत्ते एक्क्याण्णव.
आकडे एकोणचाळीस, तेरा त्रिक.
पान भागलं जातं, आकड्यांची मोजणीही भागली जाते.
सर एकेका आकड्यावर नख टेकवत निघाले,
आणि रुक्सानाने आणलेला चहा
मी त्यांच्या हातापासून जरा लांब सरकवला.