दोन पेट्या, शेवग्याखाली

पहिल्या वर्षी मी मध उकळला.
पातळ वाटला, आंबेल वाटलं,
म्हणून पितळी पातेल्यात, गॅस बारीक करून
लाकडी उलथन्यानं हलवत बसले,
जसं काही लग्नघरचं काम.
रंग आला काळसर तांबडा,
वास सुटला घरभर.
आता कळतं, घरभर सुटला
म्हणजे बाटलीत उरला नाही.

साक्रीच्या विहिणीला एक बाटली धाडली.
तिचा फोन :
"विहीनबाई, पाक मस्त जमना!"

अनेरकाठच्या आमच्या गावात
हे वाक्य मी कुणाला सांगितलं नाही.
फक्त दित्या पावऱ्याला,
ज्यानं सातेरी भरून दिली होती पेट्यांत
उंबराच्या ढोलीतून काढून.
तो हसला नाही. म्हणाला,
आम्ही कड्यावरचं आग्याचं पोळं रात्री उतरवतो,
टेंभा लावून, हातानं पिळून.
आमच्या मधात धूर असतो, अंडी असतात,
खाली बघायची भीती असते.
तुझ्या पेटीला कसली घाई?

घाई मला होती.
तीस वर्षं मशीनवर बसलेली बाई मी,
उद्या न्यायला येतो म्हटलं कुणी
की रात्रीच काजं-बटणं करून ठेवणारी.

यंदा चैत्रात बांधावरचे सगळे निंब एकदम फुलले.
दुपारी बेचाळीस. पेट्यांवर ओली गोणपाटं.
रोज झाकण उघडायचं नाही असं ठरवलं
आणि तीनदा उघडलं.
चौकट आडवी धरून झटकली :
थेंब पडले. परत ठेवली.
आठ दिवसांनी एकच थेंब. तरी परत.
मग माशांनीच सांगितलं
घराघरावर पांढरं मेण चढवून,
माझ्या हातून कधी पडली नाही इतकी बारीक शिवण.

धुराला पऱ्हाटी घेऊ नको, दित्या म्हणाला होता,
तिच्यात कपाशीचा फवारा मुरलेला असतो.
नारळाची शेंडी घेतली.
दारापाशी एक फुंकर.
दुसरीसाठी हात उचलला होता.
खाली ठेवला.

खालच्या मजल्याला, पिल्लांच्या, हात लावला नाही.
वरच्याही दोन चौकटी त्यांच्याच ठेवल्या,
पुढे पावसाळ्यात त्यांना कोण वाढणार.
सुरी गरम पाण्यात बुडवायची, पुसायची,
पुसायची म्हणजे खरंच पुसायची,
पाण्याचा एक थेंब मधाला पुरतो.
टोप्या उतरल्या पापुद्र्यासारख्या.
यंत्राचा दांडा हळू फिरवला,
आणि पत्र्याच्या अंगावर आधी टपटप,
मग काहीच आवाज नाही,
नुसती एक जाड, चालती सावली.

गाळायला मलमल. कोरी नको, खळ असते.
साबणानंही धुतलेली नको.
नुसत्या पाण्यात सात वेळा पिळून
उन्हात कडक वाळवलेली.
कपड्यातलं मला कळतं, एवढं तरी कळतं.
वरून चमच्यानं दाबलं नाही.
स्टीलच्या डब्यात तीन दिवस झाकून ठेवला,
कांद्यापासून लांब, हिंगाच्या डबीपासून लांब,
देवघराजवळ ठेवणार होते,
पण उदबत्ती.

फेस वर आला, काढला, पोळीला लावून खाल्ला.

विहिणीनं जुनी बाटली परत पाठवली होती.
घासलेली, लख्ख.
पण झाकणाला अजून लोणच्याची आठवण.
ती फळीवर ठेवली, नवी घेतली.
काठोकाठ भरली, चिठ्ठी नाही, काही नाही,
शिरपूरला जाणाऱ्या भाच्याच्या हाती दिली,
तिथून तो बघून घेईल म्हणाला.

सहाव्या दिवशी फोन.
मी एका झबल्याला लेस लावत होते.
"औंदा कडू लागस व्हो," ती म्हणाली,
"जरासा. मांगून."

मशीनवरचे पाय थांबले.
मागून ना? मी विचारलं. गिळल्यावर?
"हाव."

शेवग्याखाली गोणपाट वाळलं असेल,
मला उठायचं होतं.
तरी म्हटलं, थांब,
अजून एक बोट चाट,
मी फोन धरते.