चहाची वही

इझ्मिरच्या बंदराकडे तोंड करून उभ्या इमारतीत,
तिसऱ्या मजल्यावर, कस्टम एजंटांच्या कचेरीत
मी एकोणीस वर्षं चहा दिला.
कुणाला कडक, कुणाला पाणचट,
कुणाला साखरेचे दोन खडे,
कुणाला डॉक्टरांनी बंद केलेले, तरीही दोन.
माणसं मला चेहऱ्यांनी नाही, पेल्यांनी आठवतात.
निगार हानम : दिवसाला पाच. अर्धा खडा.
उरलेला अर्धा बशीत ठेवायच्या,
मुंग्यांसाठी, म्हणायच्या.
मुंग्या नव्हत्याच कधी.

मग नवे साहेब आले, सार्प बे.
त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही.
शिव्या देते तर बरं झालं असतं,
शिवी चार लोकांना ऐकू जाते.
आधी निगार हानमच्या नावाची पाटी रंगवायला गेली,
ती परत आलीच नाही.
मग फोन.
मग खुर्ची, रोज सकाळी कुणीतरी खाली केलेली.
सहाला पाच कमी असताना दोनशे पानं टेबलावर,
उद्या आठला हवीत.
आठला नेऊन दिली की : ही कुणी मागितली?
मग ते टेबलच गेलं जुन्या फायलींच्या खोलीत,
जिथला दिवा हालचाल पाहून लागतो
आणि माणूस स्थिर बसला की विझतो.
त्या मधूनमधून हात वर करून हलवायच्या,
बोटीवर चढलेल्या कुणाला निरोप द्यावा तसा.

चौदा मार्चला साहेब माझ्या मोरीएवढ्या खोलीत आले,
चष्म्यावरची वाफ पुसत म्हणाले,
"त्या खोलीत आता चहा नको. त्यांना सोसत नाही."
मी "बरं" म्हटलं.
धाकटीचं लग्न ठरलं होतं.
याहून मोठं कारण नंतर पुष्कळ शोधलं,
सापडलं नाही.

त्या दारावरून जाताना
तबक गच्च धरायचो, पेले किणकिणू नयेत म्हणून.
एकदा आतूनच म्हणाल्या,
"सातिलमिश, वाजू दे रे.
निदान किती वाजले ते कळतं."

कोर्टात नाव विचारलं. सांगितलं.
आमच्या भाषेत त्याचा अर्थ, विकलेला.
माझ्याआधीची तीन जगली नाहीत,
म्हणून आईने मला एका पीराच्या थडग्यापाशी नेऊन
खोटंखोटं विकलं,
मृत्यूला वाटावं, हे पोर हिचं नव्हेच.
साहेबांचा वकील हसला. "साक्षीदाराला नाव शोभतं."
मी पिशवीतून वही काढली.

महिनाअखेरीला पैसे वसूल करायचे, म्हणून
प्रत्येक नावापुढे, प्रत्येक पेल्याला एक रेघ.
निगार हानम : पाच. पाच. चार. रजा. पाच.
चौदा मार्च : काही नाही.
पंधरा : काही नाही.
आजूबाजूच्या ओळी रेघांनी भरलेल्या,
आणि मधली ही एक, पडलेल्या दातासारखी,
एकशे सत्त्याण्णव दिवस.

वकील म्हणाला, बाईंनी चहा सोडला असेल.
न्यायाधीशबाई पानं उलटत राहिल्या.
मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून,
"तुम्ही का थांबवलात?"
"सांगितलं म्हणून."
"कधी विचारलं नाहीत, का?"
इथे वहीत काही लिहिलेलं नव्हतं.
ती कोरी ओळ
माझ्याच हातची आहे, एवढं म्हणालो की नाही
आता आठवत नाही. म्हटलं असेन.

निकाल लागलेला नाही. तारखा पडतात.
मी आता फेरीच्या धक्क्यावर चहा विकतो,
उधारी नाही, वही नाही.
परवा निगार हानम आल्या.
मी खडा फोडायला घेतला तर म्हणाल्या, अख्खाच टाक.
पैसे घ्यायचे नव्हते. त्यांनी मोजून ठेवले.
मग आम्ही बराच वेळ बोललो, माशांचे भाव,
माझी नात, त्यांच्या गुडघ्याचं दुखणं.
भरदुपार होती, ऊन डोळ्यांत जात होतं,
आणि बोलता बोलता मध्येच
त्यांनी हात वर करून हलवला.
मी मागे वळून पाहिलं.
कुणी नव्हतं.