थांबल्यावर

साडेसहाशे पौंडांत घेतली.
माझ्याहून नऊ वर्षांनी लहान,
दोन सिलिंडर, टाकीला उजवीकडे पोचा.
विकणारा म्हणाला होता, पळते छान.
खोटं नाही बोलला.
पळते छानच.
थांबत नाही नीट.

ग्रिम्स्बीच्या क्लीथॉर्प्स रोडवरचे सिग्नल
मला आता क्रमाने पाठ आहेत,
कारण प्रत्येकावर ती एकदा तरी मेलेली आहे.
आधी धाप, मग उचकी,
काटा पाचशेवर, उगाच चौदाशेवर,
मग एकदम शांतता
आणि शांततेच्या पाठीला लागून कुणाचा तरी हॉर्न.
'थांबला तो संपला' हे मी
शाळेच्या भिंतीवर वाचलं होतं.
हिने कुठे वाचलं
कोण जाणे, फारच मनावर घेतलंय.

एका शनिवारी प्लग काढले.
एक काजळलेला, एक पांढराफटक.
एका घरात दोन तब्येती असतातच, म्हटलं,
आणि दोन्ही नवे बसवले.
(तिथेच कळायला हवं होतं.)
पुढच्या शनिवारी दोन्ही कार्बोरेटर
स्वयंपाकाच्या ओट्यावर, वर्तमानपत्रावर उघडे.
पायलट जेटच्या भोकात गिटारची बारीक तार घालून
फिरवत बसले,
पलीकडचं राखाडी आभाळ
मोहरीएवढं दिसेपर्यंत.
हवेचा स्क्रू अडीच आटे बाहेर.
पाव आटा आत.
पुन्हा बाहेर.
स्लो वाढवला तर मरत नव्हती,
पण सिग्नलवर उभी राहून
नुसती भांडल्यासारखी ओरडायची.

शेजारच्या ऑसगर्बीचे कान
ट्रॉलरच्या इंजिनखोलीत गेले,
तेवीस वर्षं, उत्तर समुद्रावर.
त्याच्याशी मी खडूने बोलते, शेडच्या दारावर.
लिहिलं : थांबली की बंद पडते.
त्याने बाहीने पुसलं,
टाकीवर पंजा ठेवला,
डोळे मिटले नाहीत, समोरच्या कुंपणाकडे बघत राहिला,
बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा.
मग बोटं खाली सरकली, डावीकडे,
कार्बोरेटर जिथे इंजिनाला भेटतो त्या रबरापर्यंत,
आणि दुसऱ्या हाताने त्याने मागितली
खिडक्या पुसायची पाण्याची बाटली.

एक फवारा.
दोन श्वासांपुरतं इंजिन सावरलं.
मी ते ऐकलं, त्याला ते पंज्यात लागलं,
आणि आम्ही एकाच वेळी वर पाहिलं.

रबराला चीर. सरळ बघितलं तर काही नाही,
वाकवलं की ओठासारखी उघडते.
तिथून हवा खात होती.
आमच्याकडे हवा खायला माणसं समुद्रावर जातात,
इथेही त्यासाठीच येतात, थर्मास घेऊन.
इंजिनाने मात्र मोजून दिलेलीच खावी.
धावताना कळत नाही.
धावताना इतकी लागते
की चोरून आलेले चार घोट
हिशेबात कुठल्या कुठे जिरतात.
पाय टेकला की दिसतात.
(हे मी गाडीबद्दलच बोलतेय.)

नवं रबर मंगळवारी येणार, चौदा पौंड.
तोवर जुन्या ट्यूबची पट्टी,
वरून दोन क्लिपा.

सुरू केली.
चोक सोडला. हात काढला.
शेडमध्ये बल्ब, धूर, माझी रात्रपाळीची बूटं,
आणि मधोमध ती,
कुठेही न जाता चालू.
आम्हीही कुठे जात नव्हतो.
ऑसगर्बीने पुन्हा टाकीवर पंजा ठेवला,
बराच वेळ,
मग दारावर लिहिलं : ११००?

काटा साडेअकराशेवर होता.
तो तिकडे खडू खिशात घालत होता तेवढ्यात
मी स्लोचा स्क्रू
केसभर मागे घेतला,
त्याचं बरोबर येईल इतका.