तेराव्या महिन्याची तीन तारीख

गोंदरच्या इस्पितळात, बाकावर
झेनेबेच सकाळपासून बसून आहे.
चिठ्ठीवर छापलं होतं, दोन वाजता.
नातवाने वाचून दाखवलं, ती आली दोनलाच,
सूर्य उगवून दोन तास झाले तेव्हा.
तिच्याकडे घड्याळ उजाडल्यापासून मोजतं.
यंत्राचे दोन अजून सहा तास लांब.

चिठ्ठी छापणारा कोड म्हलेतचा.
चार ओळी, कॉलेजात घोकलेल्या :
मोठा एम म्हणजे महिना, लहान एम म्हणजे मिनिट,
गफलत झाली तर मार्चच्या जागी सतरा मिनिटं.
एकट्या अंकाला पुढे शून्याची सोबत.
कधी कुणाची तक्रार नाही.
तक्रार करायला वाचता यावं लागतं.

"जन्मतारीख, इमामा?"
"पाग्वमेची तीन."

तेरावा महिना. पाच दिवसांचा,
दर चौथ्या वर्षी सहाचा.
रकाना बारापर्यंतच शिकलेला, लाल होऊन बसला.
आपल्याकडे तेरावा महिना यायचा तर दुष्काळातच.
इथे तो पावसाच्या शेपटाशी येतो,
पोरं उघडी भिजतात
आणि अंग पुसत नाहीत.

"अशांना मी एक जानेवारी घालते,"
खिडकीवरची वुबित म्हणाली.
म्हलेतने यादी काढली :
चारशे अकरा म्हातारे, एकाच तारखेचे,
सगळे शून्य वाजून शून्य मिनिटांनी.

त्या रात्री तिने तासांतून सहा वजा केले,
शून्याखाली गेले त्यांना बारा परत दिले.
मेस्केरेमपासून तेरा नावं मांडली,
शेवटी पाग्वमे,
पंगत बसल्यावर आलेल्याला
दाराशी पाट द्यावा तसा.

आठवड्याने झेनेबेच आली.
दिवसाचे आठ. चिठ्ठीवरही आठ.
"वर्ष राहिलं, इमामा."
"ओढ्याने पूल नेला ते."
कुठला पूल? तिने हात केला,
तिथे आता पेट्रोल पंप आहे.
वुबित हसली.
म्हलेत तिच्या नावाकडे बघत होती.
झेनेबेच, म्हणजे बरसली ती.
अर्धी तारीख कुणीतरी तेव्हाच लिहून ठेवलेली.

अवतरणचिन्हांत घातलेलं
कोड उलगडत बसत नाही,
जसंच्या तसं छापतो.
म्हलेतने घातलं.
प्रिंटर कुरकुरला, कागद गरम निघाला :

३ पाग्वमे,
ओढ्याने पूल नेला ते वर्ष.

झेनेबेचने तो न बघताच शालीच्या टोकाला बांधला.
डॉक्टर आलेत का, एवढंच विचारलं.